अकरा बायांची सावड

आमच्या घरात कामं वाटलेली होती. पाणी बघायचं ते पुरुषांनी आणि बाया लावायच्या त्या बाईनं. बाया लावणं म्हणजे लागणीला, खुरपणीला, काढणीला गावातल्या बायका कामाला ठरवणं. हे खातं माझ्या सासूबाईंकडं होतं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. ज्या वर्षी त्या गोठ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, त्या वर्षी ते खातं माझ्याकडं आलं. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी तिशीतली, दहावी पास, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. त्या तिशीतल्या बाईची आज आठवण झाली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, आणि मग चहा पाजावासा वाटतो.

आमचं शिवार निरगुडसरच्या बाजूला. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आल्यापासून बाजरीच्या जागी कांदा, बटाटा, मेथी, जे म्हणाल ते होऊ लागलं होतं. पाणी आलं, पिकं वाढली, हात मात्र तेवढेच राहिले. पौषात उन्हाळी कांद्याची लागण सगळ्यांची एकदमच निघायची, कारण कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सगळ्यांना एकदमच यायची. त्या आठवड्यात गावातली बाई म्हणजे सोन्याचा तुकडा.

आत्याबाईंची टोळी अकरा जणींची. पुढारी आमच्या खालच्या आळीतली मावशी. नात्यानं कुणाचीच मावशी नव्हे, पण सगळं गाव मावशीच म्हणायचं. उंचीला माझ्या खांद्याइतकी आणि बोलायला लागली की आमच्या घराच्या आढ्याइतकी. आत्याबाई बाजेवर पाय लांब करून मला म्हणाल्या, "संध्याकाळी जा अन बाया सांगून ये. आधी मावशीकडं जायचं. अन घाई करू नको."

आता बाया सांगणं हे मला वाटलं होतं निरोप देण्याइतकं सोपं. परवा कांदा लावायचाय, या. संपलं. पण पहिल्याच उंबऱ्यावर मला बसवलं, चहा टाकला, आणि शेळीला कुठला पाला बाधला त्याची गोष्ट सुरू झाली. दुसऱ्या घरी सुनेला सहावा महिना. तिसऱ्या घरी जावई रुसलेला. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी आत्याबाईंच्या पायाची चौकशी, आणि शेवटी उठताना कुठंतरी "मग परवा का? येते की" एवढं एक वाक्य. अकरा घरं होईपर्यंत माझ्या पोटात अकरा चहा आणि डोक्यात अकरा संसार. घरी येऊन मी तणतणले, "एवढा वेळ? एका कामाला?"

आत्याबाई म्हणाल्या, "तेच काम आसतंय. लागण काय, ती हातच करत्यात."

मला ते पटलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मंचरच्या बाजारात मला माझ्या हुशारीला साजेसं माणूस भेटलं.

मी आत्याबाईंच्या गोळ्या आणायला गेले होते. चहाच्या टपरीवर आमच्या शेजारच्या वाडीतले एक भाऊ एका मुकादमाशी बोलत होते. हा मुकादम तळेघरच्या बाजूच्या डोंगरातल्या बाया आणायचा. वरचं भात झोडून झालं, नाचणी घरात आली की तिकडं हाताला काम नसतं. एसटी धड नाही, मैलोन् मैल पायी. हा टेम्पो घेऊन जायचा, बाया खाली आणायचा, राहायची सोय बघायचा, आणि लागणीचं काम अंगावर घ्यायचा. म्हणजे दिवसाचा रोज नाही, वाफ्यामागं ठरलेले पैसे. बाया त्याच्या, शब्द त्याचा, चहापाणी त्याचं. आपण फक्त शेत दाखवायचं.

मला तर स्वर्गच दिसला. शेळी नाही, जावई नाही, चहा नाही.

मुकादमानं विचारलं, "ताई, काम किती दिसाचं हाय?"

मी तिथल्या तिथं डोक्यात गणित केलं. एका बाईला एका वाफ्याला इतका वेळ, त्याच्या बाया वीस, वाफे इतके. म्हटलं, "दोन दिवसांचं."

तो म्हणाला, "वाफं लई सांगताय तुमी. दोन दिसात व्हईल?"

"होईल. मी हिशोब केलाय."

"बघा बरं का. तिसऱ्या दिसाला माझी माणसं आळे गावात एकाला शब्दानं बांधलेली हायती."

"तिसरा दिवस लागणारच नाही," मी म्हटलं. माझ्या गणितात बाई पाणी पीत नव्हती, भाकरी खात नव्हती, तिचं पोर रडत नव्हतं आणि रोप तर आपोआप उपटून वाफ्यात येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्या अकरा जणींचं काय? तेच तर. बाया सांगितल्या की ते सांगणं पक्कं. मोडायचं झालं तर पुन्हा उंबऱ्यावर जाऊन मोडायचं, म्हणजे त्या दुसरीकडं जायला मोकळ्या होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गेलं की पुन्हा अकरा चहा, आणि मावशीच्या तोंडावर "येऊ नका" म्हणायचं. मी मनाशी ठरवलं की टेम्पो बघून त्यांना कळेलच. भित्र्या माणसाला असल्या युक्त्या फार सुचतात. आत्याबाईंनाही मी काही बोलले नाही. म्हटलं, काम झालं की एकदम सांगू, कौतुक करतील.

ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो दारावरून गेला. आत्याबाईंनी बाजेवरून विचारलं, "कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड गं?"

"आपल्याच," मी म्हटलं आणि पळाले.

वीस बाया उतरल्या. काटक, अंगानं सडसडीत, एकीच्या पाठीला पोर बांधलेलं. मुकादमानं त्यांना रोपाच्या वाफ्यावर घातलं. मी हुकूम सोडला की सगळं रोप एकदमच उपटून घ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वेळ जायला नको. त्यातली एक वयस्क बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "समदं?" मी म्हटलं, "समदं." तिनं मुकादमाकडं बघितलं, त्यानं मान हलवली, आणि अख्ख्या रानाचं रोप जमिनीतून बाहेर यायला लागलं.

आणि तेवढ्यात खालच्या वाटेनं आमच्या अकरा जणी आल्या. भाकरीची फडकी हातात, पदर खोचलेला, पुढं मावशी. बांधावर येऊन थांबल्या. वाफ्यात वीस परक्या पाठी वाकलेल्या.

मावशीनं मला हाक मारली नाही. मीच गेले.

"आमाला सांगितलं व्हतं का न्हाई?" तिनं विचारलं.

"सांगितलं होतं."

"मोडलं व्हतं?"

मी मागं टेम्पोकडं बघितलं.

मागून एक म्हणाली, "आगं, वहिनीला येळ न्हाई घावला. टेम्पो आणायचा व्हता."

दुसरी म्हणाली, "मला वरच्या आळीतनं दोनदा बोलावणं आलं. म्या म्हणलं, सांगितलंय मला."

मावशीनं हात वर केला तशा गप्प झाल्या. मग त्या अकराही जणी आमच्या बांधावर, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा ओळीत बसल्या. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. त्यांनी फडकी सोडली, आणि दुपारची भाकरी सकाळीच निवांत खाल्ली. एकीनं मला "ठेचा घेता का?" असंही विचारलं. खाऊन झाल्यावर पदर झटकले आणि मावशी म्हणाली, "आमी आलो व्हतो, एवढं ध्यानात ठिव." आणि गेल्या. इतर कुणाकडं कामाला जायची वेळ तोवर टळून गेलेली. आवर्तनातला सोन्यासारखा एक दिवस माझ्यामुळं अकरा घरांचा बुडाला.

मी मात्र ताठच. वाफ्यात पाणी सोडलं, लागण सुरू झाली, आणि मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन देखरेखीला निघाले. कांद्याच्या दोन रोपांत चार बोटं अंतर लागतं. इथं दिसत होती आठ. आणि त्यात बायांची चूक तरी काय? वाफ्यामागं ठरलेलं असलं की वाफा लवकर भरलेला बरा. रोजानं आलेली बाई घड्याळाकडं बघते, अंगावर काम घेतलेली वाफ्याच्या टोकाकडं बघते. हे शहाणपण मला नंतर आलं. त्या दिवशी मी चिखलात उकिडवी बसून पट्टी लावत होते.

"अहो, जवळ लावा जरा," मी त्या वयस्क बाईला म्हटलं.

"मुकादमाला सांगा, बाय."

"शेत माझं आहे."

"शेत तुमचं, पर आमी त्येचं," ती म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. जे होतं ते सांगितलं.

मुकादम डिझेल आणायला गेलेला. तो येईपर्यंत मी पट्टी धरून उभी. पाठीला पोर बांधलेली पोरगी हसत म्हणाली, "बाय, रोपाची उंचीबी मोजून घ्या." सगळा वाफा हसला. मीही हसले असते तर शोभलं असतं. मी पट्टी पदराखाली लपवली.

दुपारी त्यांच्याजवळ बसले. त्या वयस्क बाईला विचारलं, "तुमच्याकडं शेताला मजूर कुठून आणता?"

"मजूर कशाला? भाताचं खाचर बांधायचं आसलं, बांध फुटला, तर पडकई घालत्यात. घरटी एक माणूस येतंय. आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या."

"आणि एखादं नाहीच आलं तर?"

तिनं भाकरी हातात धरून माझ्याकडं बघितलं. "न्हाई आलं म्हंजे?"

तिला प्रश्नच कळला नव्हता. मी पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रानाचे तीन हिस्से लागले होते. चौथा मोकळा. आणि त्या मोकळ्या हिश्श्याचं सगळं रोप माझ्या हुकमानं उपटलेलं, जुड्या बांधून ओल्या पोत्याखाली पडलेलं. पाण्याची आमची पाळी आणखी दोनच दिवस होती. त्यानंतर पाणी पुढच्या गावाला, आणि ते परत येईपर्यंत रोपाचं गवत.

मुकादम टेम्पोचा मागचा फाळका लावत होता. मी म्हटलं, "भाऊ, उद्या एक दिवस. ठरलंय त्याहून जास्त देते."

"ताई, दोन दीस तुमी बोलला व्हता."

"माझं चुकलं."

"ते झालं. पर आळ्याच्या माणसाला म्या शब्द दिलाय. आज तुमच्यासाठी तो मोडला, तर उद्या दुसऱ्यासाठी तुमचा मोडीन. चालंल?"

त्या वयस्क बाईनं टेम्पोत चढता चढता रोपाच्या ढिगाकडं बोट केलं. "पोती भिजती ठिवा," म्हणाली. टेम्पो गेला. बोललेला शब्द पाळणारा माणूस होता तो. शब्द मोडणारी त्या रानात एकटी मीच होते.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, काठी घेतील. त्या हसायला लागल्या. प्लास्टरचा पाय हलला म्हणून विव्हळल्या आणि पुन्हा हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "रोपाचं काय, पुढच्या साली पुन्हा टाकू. त्या अकरा जणी तुटल्या तर त्येंचं रोप कुठं टाकशील? तीस वरसं लागली मला."

"आता काय करू?"

"जा. अन चहाला न्हाई म्हणू नको."

दिवेलागणीला मी मावशीच्या दारात. तिनं चहा टाकलाच नाही. तेव्हा मला चहाची किंमत कळली.

"मावशी, चुकलं माझं. उद्या याल का? म्हणाल तेवढा रोज देते."

"रोजानं न्हाई यायचं."

मी उठायला लागले.

"बस. रोजानं न्हाई, सावडीनं येऊ. आमी अकरा जणी तुझ्या रानात. मग तू आमच्या रानात, एकेकीच्या एक दीस. तू, गडी न्हाई पाठवायचा. जमंल?"

सावड म्हणजे कामाच्या बदल्यात काम. पूर्वी गावात सगळीकडं होती, रोजंदारी आल्यावर मागं पडली होती. आमच्या घरातली बाई दुसऱ्याच्या रानात वाकली नव्हती, आणि मावशीला हे चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "जमेल."

"मग बाकीच्या दहा घरी जाऊन तूच सांग. माझा निरोप चालायचा न्हाई." आणि मग तिनं चुलीवर आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी मी शेळीची सगळी गोष्ट ऐकली, जावयाचा रुसवा ऐकला, सुनेच्या पोटाला हात लावून पाहिला. एकाही घरी घाई केली नाही. करायची हिंमतच नव्हती.

सकाळी अकराही जणी आल्या. ओठ मिटलेले, पण आल्या. चार बोटं म्हणजे चार बोटं, पट्टीची गरज नाही. आदल्या लागणीतल्या रुंद जागा बघून मावशी म्हणाली, "हितं मदी बैल फिरवायचा हाय का?" दुसरी म्हणाली, "न्हाई, वहिनी चालणार हाय पट्टी घेऊन." म्हणजे पट्टीची बातमी गावात पोचली होती. मी त्यांच्या ओळीत वाकले. दुपारपर्यंत माझी ओळ नागमोडी आणि सगळ्यात मागं. पण टोमणे सुरू झाले होते, आणि टोमणे सुरू झाले की माणूस परत आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा वाफा भरला. आमच्या ह्यांनी त्यात पाणी सोडलं, आणि ते वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकलं तेव्हा मला रडू आलं. मावशी म्हणाली, "कांदा कापायच्या आधीच?"

मग फेड सुरू झाली. पहिल्याच घरी मेथीच्या जुड्या बांधायच्या होत्या. दिवसभर बांधल्या. संध्याकाळी मावशी बघायला आली आणि म्हणाली, "हा अर्धा दीस धरायचा."

"का? सकाळपासून आहे मी."

"तू सकाळपासनं हायेस. काम दुपारपासनं दिसतंय."

अकरा दिवसांचे बावीस झाले. मी आत्याबाईंकडं दाद मागितली, तर त्या म्हणाल्या, "मावशी मऊ झाली आता. म्या पाव धरला आसता." त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी गहू काढला, भुईमुगाला खुरपं लावलं, मिरच्या तोडल्या, वांग्याचे काटे बोटांत घेतले. ज्या घरांचे संसार मी चहाच्या कपात ऐकले होते, ते बांधावर बसून पाहिले.

पुढं मीही मुकादमाच्या टोळ्या आणल्या, खोटं कशाला बोलू. दोन हजार सालानंतर तर गावातल्या तरण्या सुना चाकणच्या बाजूला कंपन्यांत जायला लागल्या, बाया मिळेनात. मुकादमाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तो मला कधी वाईट वाटला नाही. तो नसता तर डोंगरातल्या त्या बाया कुणाच्या भरवशावर खाली आल्या असत्या? फक्त आता मी आधी विचारायचे, तिसऱ्या दिवशी कुठं जायचंय? आणि अंतराचं बोलणं त्याच्याशी पहिल्याच दिवशी व्हायचं. मावशीची धाकटी सून त्या कंपनीच्या बसमधून उतरली की मी विचारायचे, "काय गं, कंपनीची बाई झालीस?" ती म्हणायची, "कंपनीची कुठली, ठेकेदाराची. मशीन कंपनीचं, हुकूम सायबाचा, पगार ठेकेदाराचा. पाय तेवढं माझं दुखत्यात." मला त्या डोंगरातल्या बाईचं "आमी त्येचं" ऐकू यायचं. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, मला काही छातीठोक सांगता येत नाही. रोजाची बाई मालकिणीचं ऐकते, मुकादमाची मुकादमाचं, आणि सावडीची तर कुणाचंच ऐकत नाही. पण येते.

तर फेड. मावशीनं स्वतःचं रान शेवटाला ठेवलं होतं, मुद्दाम. चैत्र संपत आला होता. तिचा कांदा काढून पडला होता, पाती कापायची होती. तोवर माझे हात चालायला लागले होते. विळा कुठून फिरवायचा, मान किती ठेवायची, हे बोटांना कळलं होतं. संध्याकाळी माझा ढीग मावशीच्या ढिगाला जवळजवळ लागला होता. तिनं दोन्ही ढीग नजरेनं तोलले.

शेवटी मीच विचारलं, "मावशी, आज अर्धा का पुरा?"

"पुरा," ती म्हणाली. माझी मान वर झाली, तशी पुढं म्हणाली, "पर सकाळी उशिरा आली व्हतीस. पाऊण."

मी हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला पाव दिवस फेडायला गेले. थोड्या वेळात झालं असतं, पण ढीग समोर, बायांच्या गप्पा रंगलेल्या, आणि रुसलेला जावई परत आल्याची गोष्ट अर्धी राहिलेली. दिवस मावळला तेव्हा मी तिथंच होते. मी विळा ठेवला आणि म्हटलं, "मावशी, आता तू मला पाऊण दिवस देणं लागतेस."

मावशीनं तोंड वाकडं केलं, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तिला ते मान्य करावं लागलं. पुढच्या पौषात मी बाया सांगायला निघायच्या आत ती स्वतःच आमच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "रोप उपटलं न्हाईस ना आजून? माझा पाऊण दीस ऱ्हायलाय." मी चहा टाकला.